फिनालेतली ४०० गाणी, दहा बाय दहाची खोली आणि एकाच पानावर स्टाफ + सरगम : मदत हवी आहे

पांढरी_पाच

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे फक्त वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. मी सांगलीत असते, मुलांची समूहगीतं आणि एकांकिका, संगीत नाटकं यांना चाली लावायचं, वाद्यमेळ लिहायचं काम गेली चौदा वर्षं करतेय. पहिल्या दिवसापासून सगळं लिखाण फिनाले ह्या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, साधारण ४०० गाणी, त्यातली निम्मी जुन्या .एमयूएस फाइली आणि बाकीच्या नंतरच्या .एमयूएसएक्स. २६ ऑगस्ट २०२४ ला कंपनीने जाहीर केलं की १९८८ पासून चालू असलेलं फिनाले आता पुढे वाढवणार नाही. माझ्या लॅपटॉपवर अजून चालतंय, पण लॅपटॉपच सात वर्षांचा झालाय, तो गेला की काय, ह्या विचाराने झोप लागत नाही.

अडचणी तीन आहेत.

एक, फाइली कशा बाहेर काढू आणि कुठे नेऊ. म्युझस्कोर, डोरिको, सिबेलियस, सगळ्यांची नावं ऐकलीत, वापरलं एकही नाही.

दोन, गाण्याचे शब्द. मी शब्द जुन्या नॉन-युनिकोड मराठी फाँटमध्ये टाइप केलेत. तो फाँट काढला की स्वरांखाली नुसते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे ढीग दिसतात.

तीन, आणि ही माझ्या सगळ्यात जवळची. माझ्याकडे दोन व्हायोलिनवाले आणि एक चेलोवाली स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं पाश्चात्य स्वरलेखन) वाचतात, पेटीवाले काका आणि मुलांच्या बाई भातखंडे लिपी (सा रे ग म अक्षरांनी लिहिलेली सरगम) वाचतात. आजवर दोन वेगळे कागद काढत आले. तालमीत काका विचारतात "दुसऱ्या अंतऱ्याची तिसरी ओळ", व्हायोलिनवाला विचारतो "बार ४१ का?" (बार म्हणजे स्टाफवरच्या दोन उभ्या रेघांमधला भाग), आणि मी मधे उभी. एकच कागद दोघांना वाचता येईल असं करता येतं का?

जाता जाता, घरातली खोली दहा बाय दहाची आहे, छतही दहाच फूट. तिथे रेकॉर्डिंग केलं की डग्गा फार घुमतो आणि स्पीकरमधून सतत एक गुणगुण येते. त्यावरही सांगितलंत तर उपकार होतील.

आडगावचा_तबलजी

वाखूसा (वाचनखूण साठवली). तिसरा प्रश्न आमच्याकडेही आहे, वाचतोय.

मिशिगनकर

ताई, आधी घाबरू नका, तुमचं संगीत कुठेही गेलेलं नाहीये. पण आज रात्रीच एक काम करा. फिनालेच्या फाइल मेन्यूत एक्सपोर्टखाली अख्खं फोल्डर एकदम म्युझिकएक्सएमएलमध्ये बदलायची सोय आहे, ४०० फाइली एकेक उघडत बसायची गरज नाही. मूळ फोल्डरची कॉपी करा, कॉपीवर ते चालवा. शिवाय निदान महत्त्वाच्या गाण्यांचा पीडीएफ काढाच, कारण म्युझिकएक्सएमएलमध्ये स्वर, लय, शब्द, कॉर्ड, जोर-हळूच्या खुणा हे नीट येतं पण पानाची मांडणी, तुम्ही हाताने सरकवलेल्या गोष्टी, हे बऱ्याचदा विस्कटतं. मग मूळ पान कसं दिसत होतं ते बघायला पीडीएफच लागतो.

म्युझिकएक्सएमएल हे २००४ पासूनचं खुलं स्वरूप आहे आणि आतून साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतो. म्हणूनच उद्या कुठलंही सॉफ्टवेअर बंद पडलं तरी तो मजकूर कुणीतरी वाचू शकेल. माझ्या मते चौदा वर्षांच्या कामाची खरी मूळ प्रत आता हीच समजा.

कुठे न्यायचं ते सांगतो. सिबेलियस १९९३ पासून आहे, मोठ्या स्टुडिओत अजून चालतं. त्याच्या मूळ लंडनच्या टीमचं ऑफिस २०१२ मध्ये बंद झालं, त्यातल्या बऱ्याच लोकांना स्टाइनबर्गने घेतलं आणि त्यांनी कोरी पाटी घेऊन डोरिको लिहिलं, ते २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आलं. फिनालेवाल्यांना ते सवलतीत देत होते, जाहीर झालं तेव्हा १४९ डॉलरला, आता काय आहे ते तपासा. डोरिकोची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे दादऱ्यात लिहिलेली चाल केरव्यात टाकून बघायची झाली तर मात्रा बदलल्या की ते सगळे स्वर आपोआप नव्या बारमध्ये बसवतं, टाय (लांब स्वर जोडणाऱ्या कमानी) वगैरे स्वतः नीट करतं. आधी चाल, मग ताल असं काम करणाऱ्यासाठी हे फार मोलाचं आहे.

म्युझस्कोर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०२२ च्या डिसेंबरमध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हापासून वाजतंही सुरेख. आणि तुमच्या हाताला सोपं जाईल, कारण फिनालेत जसं ५ दाबलं की एक मात्रा आणि ४ दाबलं की अर्धी, तसंच म्युझस्कोरमध्ये आहे. डोरिकोत एक मात्रा ६ वर आणि सिबेलियसमध्ये ४ वर. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण चौदा वर्षांची बोटांची सवय बदलायला दोन-तीन महिने जातात, मी त्यातून गेलोय.

खरजातला

मी ठाण्यात रेकॉर्डिंगचं काम करतो, फक्त खोलीबद्दल बोलतो.

ताई, तुमची खोली दहा बाय दहा बाय दहा, म्हणजे आवाजाच्या दृष्टीने सगळ्यात कठीण आकार. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्या अंतरात समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा आवाज अडकून घुमतो, मग त्याच्या दुप्पट ११२, तिप्पट १६८. आयताकृती खोलीत लांबीचा घुमारा वेगळ्या जागी, रुंदीचा वेगळ्या, उंचीचा तिसऱ्याच, त्यामुळे वाटून जातो. तुमच्याकडे तिन्ही एकाच जागी येऊन एकमेकांवर चढतात. डग्गा नेमका त्या पट्ट्यात बोलतो. म्हणजे दोष डग्ग्याचा नाही, माइकचाही नाही.

अंड्याचे ट्रे आणि पातळ फोम ह्यांनी खरज जात नाही, फक्त वरचा झिलईचा आवाज मरतो, आणि मग खोली अजूनच कोंदट वाटते. रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) स्लॅब घ्या, ४८ किलो घनतेचे, निदान दोन इंच जाड, कोपऱ्यात दोन-दोन एकावर एक लावलेत तर उत्तम. लाकडी चौकटीत बसवून वरून सुती कापड ताणून लावा, उघडं ठेवू नका, त्याचे तंतू अंगाला खाजतात. कोपऱ्यात आणि मागच्या भिंतीवर लावा, आणि भिंतीला चिकटवू नका, मागे दोन ते चार इंच मोकळी जागा सोडा, त्या मोकळ्या जागेमुळेच खालचा आवाज जास्त शोषला जातो. सुताराकडून करून घेतलंत तर बाजारच्या पॅनेलपेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

बसायची जागा खोलीच्या बरोब्बर मध्यावर नको. समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर बसून बघा. तबला पण मध्यावर मांडू नका, गोधडी अंथरून जरा एका बाजूला तिरका घ्या.

गुणगुण : लॅपटॉपचा चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून बघा. गेली तर अर्थिंगचा प्रश्न आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवून घराचं अर्थिंग मोजून घ्या आणि स्पीकर, इंटरफेस, लॅपटॉप तिन्ही एकाच बोर्डावरून घ्या. कुणी चार्जरच्या प्लगची अर्थची पिन तोडायला सांगेल, ते अजिबात करू नका, जिवावरचा खेळ आहे.

पांढरी_पाच

@खरजातला, आत्ताच चार्जर काढून बघितलं आणि आवाज थांबला!! दोन वर्षं मी केबली बदलत होते.

@मिशिगनकर, फोल्डर एक्सपोर्ट केलं. ४०० पैकी ११ फाइली अडल्या, त्या हाताने उघडून काढल्या. म्युझस्कोरमध्ये उघडून बघितलं तर स्वर सगळे जागच्या जागी, पण शब्दांच्या जागी तोच रोमन कचरा.

मिशिगनकर

ते होणारच, कारण जुन्या फाँटमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट त्यांच्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढवतो. म्युझिकएक्सएमएलमध्ये प्रत्येक स्वराखालचा शब्दाचा तुकडा वेगळ्या टॅगमध्ये असतो, म्हणून छोटा प्रोग्रॅम लिहून फक्त तेवढेच टॅग युनिकोडमध्ये बदलता येतात, स्वरांना हातही लागत नाही. दोन ठिकाणी जपावं लागतं. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर, ती फिरवावी लागते. आणि रफार जुन्यात अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. मला पाच-सहा फाइली आणि तो फाँट पाठवा, शनिवारी बसतो.

अक्षरजुळणी

बदलताय तर अजून एक गोष्ट तपासा, तुकडे कुठे पाडलेत. "भक्ती" हा शब्द दोन स्वरांवर असेल तर तुम्ही भक्-ती लिहिलंय की भ-क्ती?

पांढरी_पाच

भक्-ती. उच्चार तसाच आहे ना?

अक्षरजुळणी

बोलताना हो. पण गाताना पहिला स्वर लांबवायचा असेल तर मुलं "भक्" वर क् धरून बसतात आणि आवाज तिथेच बंद होतो. भ-क्ती लिहिलंत तर मूल "भ" चा अ मोकळा ताणतं आणि क् पुढच्या स्वराच्या तोंडाशी येतो, म्हणजे तुम्हाला जे शिकवायला तासभर लागतो ते अक्षरच करून घेतं. देवनागरीत अक्षर स्वरावर संपतं, जोडाक्षर पुढच्या अक्षराकडे जातं. आपल्या लिपीची ही गोष्ट गाण्यासाठी इतकी सोयीची आहे की ती मोडू नये असं मला मनापासून वाटतं. चां-द-णं, स्व-प्न, आ-त्मा, असंच तोडा.

पांढरी_पाच

हे वाचून खरंच थबकले. काल तालमीत एका ओळीपुरतं करून बघितलं, मुलांना काही सांगितलं नाही, नुसता कागद बदलला. तान मोकळी आली.

मडगांवचो

नमस्कार. मी व्हायोलिन वाजवतो, गोव्याचा. फिनालेचं वाचून वाईट वाटलं, पण थोडं जुनं आठवलं म्हणून लिहितो. आमच्याकडे चर्चच्या शाळांत पोरांना सोल्फेज (डो-रे-मी म्हणत स्वर वाचणं) आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यातूनच गोव्याचे लोक मुंबईला फिल्म लायनीत गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, ह्या लोकांनी संगीतकाराने पेटीवर गाऊन दाखवलेली चाल ऐकून चाळीस-पन्नास वादकांसाठी हातानं लिहिली. म्हणजे ताईंचा जो प्रश्न आहे, सरगमवाले आणि स्टाफवाले एका खोलीत, तो ७० वर्षांपूर्वी मुंबईत रोज सोडवला जात होता, मधे अरेंजर नावाचा माणूस बसायचा तेवढंच.

वाजवणाऱ्याच्या बाजूनं दोन मागण्या. तुमची पट्टी काळी एक असेल तर कृपा करून सी शार्प लिहू नका, सात शार्प येतात, डी फ्लॅट लिहा, पाच फ्लॅटमध्ये भागतं. आणि मींडेच्या (एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद जायच्या) जागी ग्लिसांडोची सरळ रेघ मारू नका, आम्ही ती ट्रॉम्बोनसारखी घसरगुंडी करतो. वरती नुसती कमान द्या आणि "मींड" असा शब्द लिहा, मग एकदा गाऊन दाखवा. बाकी आम्ही बघतो. दरबारी रागाचा गंधार लिहायच्या भानगडीत तर पडूच नये, तो कानानंच घ्यायचा.

आडगावचा_तबलजी

मडगांवचो, अनुमोदन. तालाचं पण लिहितो. रूपक ७/८ लिहिलात की पाश्चात्य वादक २+२+३ धरतो, आपलं ३+२+२ आहे. टाइम सिग्नेचरच्या प्रॉपर्टीमध्ये जाऊन नोटांचे जोड तसे बांधून द्या म्हणजे कागद बघूनच कळतं. आणि झपतालाला १०/८ लिहिलंत तर २+३+२+३ असे जोड पाडा. सम, टाळी, खाली ह्यांच्या खुणा बारच्या वर साध्या टेक्स्टने टाका, × २ ० ३. मला स्टाफ वाचता येत नाही पण ह्या खुणा असल्या की मी कुठे आहे ते मला कळतं.

लिलीचा_भक्त

कुणीच लिलीपाँडचं नाव घेतलं नाही म्हणून घेतो. १९९६ पासून आहे, फुकट, स्वर मजकुरात टाइप करायचे आणि ते जुन्या कोरीव छपाईसारखं पान काढून देतं. देवनागरी जोडाक्षरं निर्दोष. ४०० गाण्यांचं पुस्तक काढायचं तर ह्याहून देखणं काही नाही.

मिशिगनकर

@लिलीचा_भक्त, पान देखणं येतं हे शंभर टक्के मान्य. पण ताईंना तालमीत बसल्या बसल्या चाल बदलायची असते, तिथे कोड लिहून, मग पान बनवून बघणं जमणार नाही. पुस्तक काढायच्या वेळी नक्की.

अक्षरजुळणी

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, त्यावर दोन दिवस खटपट केलीय.

भातखंडे लिपीला लागतं काय? कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, ताराला वर टिंब. लोक ह्यासाठी खास फाँट वापरतात आणि मग वीस वर्षांनी ताईंच्या शब्दांचं झालं तेच त्या स्वरांचं होतं. खरं तर ह्या चारही खुणा युनिकोडच्या देवनागरीत पहिल्यापासून बसलेल्या आहेत, फक्त दुसऱ्या कामासाठी. वेदपाठाच्या स्वरांकनासाठी अक्षराखालची आडवी रेघ आहे, तीच कोमलाला वापरा : रे॒ ग॒ ध॒ नि॒. अक्षरावरची उभी रेघ आहे, ती तीव्र मध्यमाला : म॑. मंद्राचं टिंब म्हणजे नुक्ता : ध़ ऩि. तार सप्तकाला अनुस्वार : सां रें गं. नुक्ता वेलांटीच्या आधी टाइप करायचा एवढंच लक्षात ठेवा, नाहीतर टिंब भलतीकडे जातं.

फाँट असा घ्या ज्यात वैदिक खुणा नीट बसवल्यात. आयआयटी मुंबईचा शोभिका फुकट आहे आणि संस्कृतच्या कामासाठीच केलेला असल्यामुळे खुणा अक्षराच्या बरोबर मध्यावर बसतात. शब्दांसाठी मुक्त वापरा, लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो.

आता म्युझस्कोरमध्ये : सरगम ही गाण्याच्या शब्दांची पहिली ओळ म्हणून टाइप करा आणि खरे शब्द दुसरी ओळ म्हणून. स्टाइलमध्ये लिरिक्सच्या विषम आणि सम ओळींना वेगवेगळा फाँट देता येतो, म्हणजे सरगमला शोभिका, शब्दांना मुक्त. प्रत्येक सा, रे आपापल्या नोटेखाली आपोआप सरळ रेषेत उभा राहतो, कारण तो त्या नोटेला बांधलेला असतो. नोट सरकली की सरगमही सरकते.

मिशिगनकर

हे भारी आहे!! आणि सरगमची ओळ टाइप तरी का करायची, षड्ज कुठला ते सांगितलं की स्वराच्या नावावरून प्रोग्रॅमच लिहून देईल. शनिवारच्या कामात हेही घालतो. डी फ्लॅट म्हणजे सा, ई डबल फ्लॅट म्हणजे कोमल रे, असं कोष्टक.

मडगांवचो

ई डबल फ्लॅट आम्हाला छापून देऊ नका हां, तिथं सरळ डी लिहा.

मिशिगनकर

मग प्रोग्रॅमला दोन्ही वाचता आलं पाहिजे. बरं झालं बोललात.

सुरेल_दुपार

माझा एक छोटा मुद्दा. पेटीवाल्या काकांची पेटी ४४० हर्ट्झलाच आहे का ते बघा. आमच्याकडची जुनी पेटी ४४५ च्या आसपास निघाली, म्हणजे सुमारे २० सेंट चढी (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर सेंट), आणि कॉम्प्युटरमधले व्हायोलिन तिच्याबरोबर वाजवले की सगळं खारट लागायचं. पेटीच्या पत्त्या घासत बसू नका, सॉफ्टवेअरमधल्या वाद्यांचं ट्यूनिंग पेटीकडे न्या.

पांढरी_पाच (तीन आठवड्यांनंतर)

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. आता कुठपर्यंत आलंय ते सांगते.

मिशिगनकरांच्या प्रोग्रॅमने ३६२ गाण्यांचे शब्द युनिकोडमध्ये आले. उरलेल्यांत मी पूर्वी आणखी एक वेगळा फाँट वापरला होता, ती हळूहळू हाताने करतेय, रोज दोन. डोरिकोची चाचणी आवृत्ती महिनाभर बघायची ठरवलीय, पण तालमीचं काम म्युझस्कोरमध्ये सुरू झालंसुद्धा, बोटांनी पाचाचा आकडा शोधला नाही, तो होता तिथेच होता.

खोलीत सुताराने सहा चौकटी करून दिल्या. चार कोपऱ्यात उभ्या, दोन मागच्या भिंतीवर तीन इंच पुढे. डग्ग्याचा "गे" आता सुटून ऐकू येतो, आधी पुढचा बोल त्यातच बुडायचा. अर्थिंगची तार इमारतीच्या मीटरखोलीत सुटलेली होती, ती जोडून घेतली.

आणि एकच कागद तयार झाला. वर स्टाफ, खाली सरगम, त्याखाली शब्द, डोक्यावर सम-टाळी-खालीच्या खुणा. गेल्या रविवारी पहिली तालीम घेतली. काकांनी आधी चष्मा लावून नुसतं बघितलं, मग बोट ठेवून म्हणाले, "हा कोमल धैवत तू मला दोन वर्षं शुद्ध लिहून देत होतीस." खरंच तसं होतं. व्हायोलिनच्या कागदावर बरोबर, काकांच्या कागदावर चुकीचा, आणि दोन कागद कधी शेजारी ठेवलेच नव्हते. ते बिचारे दरवेळी कानाने सुधारून वाजवत होते आणि बोलले नाहीत.

एक नवी अडचण आलीय. ह्या ओळी वाढल्यामुळे पानं दुप्पट झालीत, पान उलटताना व्हायोलिनवाले अडकतात. काय करू?

मडगांवचो

प्रत्येक वादकाला त्याचा वेगळा पार्ट काढून द्या, त्यात सरगम ठेवा पण शब्द काढून टाका, आम्हाला शब्द फक्त अंतरा सुरू होतो तिथं लागतात. आणि उजव्या पानाच्या शेवटी निदान दोन मात्रा तरी विश्रांती येईल अशा ठिकाणीच पान तोडा, ती बारलाइन निवडून कंट्रोल-एंटर दाबलं की पान तिथं तुटतं. विश्रांती नसेलच तर पान अर्धं रिकामं सोडा, कागद जाऊ दे.

पांढरी_पाच

आज रात्री करते. काकांच्या कागदाला मात्र शब्द ठेवतेय, ते वाजवता वाजवता मुलांबरोबर गातात.